वाघ दिसला तर हजार, नाही दिसला तर शंभर: सफारी गाइडने 'नाही' म्हणायचं कोणाच्या जिवावर?

रानोमाळ (मूळ धागा)

हा धागा टाकू की नको यात तीन आठवडे गेले. शेवटी बायको म्हणाली, टाक एकदाचा, नाहीतर रोज मलाच ऐकवत बसशील.

मागच्या महिन्यात आम्ही सहाजण विदर्भातल्या एका व्याघ्र प्रकल्पात जाऊन आलो. कुठला, कुठलं गेट, हे मुद्दाम लिहीत नाही. त्या पोरांवर कारवाई व्हावी अशी इच्छा नाही.

शनिवारची दुपारची फेरी. दोन तास काहीच नाही. धूळ, सांबराची पाठ, परत धूळ. मग पाणवठ्याच्या वळणावर वानर खाकरलं आणि समोरून येणाऱ्या जिप्सीवाल्याने नुसती हनुवटी उडवली. आमचा ड्रायव्हर असा सुटला की मेहुण्याची टोपी उडाली ती उडालीच.

पोचलो तर वाघीण रस्त्यावर, मागे दोन बछडे. ती ओलांडून गेली, एक पिल्लू तिच्यामागे पळालं. दुसरं बुजलं आणि बांबूतच थांबलं. एव्हाना चार गाड्या झाल्या होत्या. आमच्या ड्रायव्हरने गाडी रिव्हर्स घेऊन बरोबर मधल्या मोकळ्या जागेत लावली. आई एकीकडे, पिल्लू दुसरीकडे, मधे आम्ही. तिथून पिल्लू समोरासमोर मिळत होतं ना कॅमेऱ्यात! गाइड पंचविशीतला मुलगा, गळ्यात गमछा. हळूच म्हणाला, "भाऊ, मागं घे." ड्रायव्हर ढिम्म. परत म्हणाला. तिसऱ्यांदा त्याने डॅशबोर्डवर दोन बोटं आपटली. तेवढ्यात आमच्यातलं कोणीतरी म्हणालं, "दोनच मिनिटं हो, असं परत कधी मिळणार?" ते कोणीतरी म्हणजे मीच.

पिल्लू बारीक आवाजात ओरडत होतं, पलीकडून आई. सहा-सात मिनिटं तरी चाललं असेल.

गेटवर आल्यावर मी ड्रायव्हरला हजार आणि गाइडला पाचशे दिले.

रविवारी सकाळी दुसरा गाइड मिळाला. त्याने गाडी बंद करून अर्धा तास रानकुत्र्यांची टोळी चितळामागे कशी पांगते ते दाखवलं. अर्जुनाच्या खोडावर अस्वल चढल्याचे ओरखडे दाखवले, त्यात जुने कुठले आणि ताजे कुठले तेही सांगितलं. वाघ नाही दिसला. उतरताना मी त्याला शंभर दिले, तेही सुटे होते म्हणून.

घरी आल्यावर हा हिशोब डोक्यातून जाईना. तर प्रश्न असा: अशा वेळी चूक कोणाची? गाइडची, ड्रायव्हरची, रिसॉर्टची की आमची? आणि गाइडच्या धंद्याची नीती म्हणून जे काही असतं, ते आपल्याकडे कोणी त्याला शिकवतं का, की सगळं टिपेवरच चालतं?

---

चिंगी_७१

पॉपकॉर्न घेऊन बसले आहे.

---

ठाणेदार

चूक तुमची. धागा बंद करा. ;)

---

अनघा कोथरूड

रानोमाळ, प्रामाणिकपणे लिहिलंत त्याबद्दल कौतुक. पण 'कारवाई व्हावी अशी इच्छा नाही' हे काही पटलं नाही. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात हेच झालं होतं की. एफ-२ वाघीण, बरोबर पाच बछडे, आणि दोन्ही बाजूंनी जिप्स्या लावून रस्ता अडवलेला. व्हिडिओ फिरला म्हणून कळलं. नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. आधी गाइड-ड्रायव्हरांना आठवडाभरासाठी घरी बसवलं होतं, बोंब झाल्यावर ते तीन महिने झालं. म्हणजे कॅमेरा नसता तर काहीच झालं नसतं. तुमच्याकडे तर सहा कॅमेरे होते!

---

ठाणेदार

@अनघा, सहा कॅमेरे होते, पण सगळे वाघाकडे तोंड करून. गाडीकडे कोण बघतो?

---

शेअरबाजारी

मी जरा वेगळं मत मांडतो, शिव्या घाला. मुंबईहून चौघांचं कुटुंब जातं. विमान, दोन रात्रींचं रिसॉर्ट, दोन-तीन सफाऱ्या. अर्धा लाख कुठेच गेला नाही. एवढे पैसे मोजल्यावर वाघ बघायची अपेक्षा ठेवली तर गुन्हा काय? हॉटेलात बिर्याणी मागवली आणि वेटरने येऊन तांदळाचा इतिहास सांगितला तर चालेल का तुम्हाला? रानकुत्री, ओरखडे वगैरे ठीक आहे, पण विकलं काय जातं? प्रत्येक फलकावर, प्रत्येक जाहिरातीत वाघाचंच तोंड आहे. वाघ दाखवून विकायचं आणि नंतर गिऱ्हाइकाला निसर्गप्रेमाचे धडे द्यायचे, हा दुटप्पीपणा झाला.

---

भटकी मांजर

@शेअरबाजारी, बिर्याणीला पाय नसतात हो.

---

वऱ्हाडी ठेचा

आमच्या सासरेबुवांनी तीन सफाऱ्यांत वाघ नाही दिसला म्हणून काउंटरवर जाऊन पैसे परत मागितले होते. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "काका, तुम्हाला वाघाने पाहिलं, त्याचे पैसे आम्ही लावले का?" सासरे आजतागायत ही गोष्ट स्वतःचा विनोद म्हणून सांगतात.

---

जुनं_खोड

शेअरबाजारींचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. हा रोग सफारीचा नाही, शिकारीच्या काळापासूनचा आहे. थोडं लांबण लावतो, माफी असावी.

माझे आजोबा जुन्या भंडारा भागात जंगल खात्यात होते. त्या काळी शिकारीचे ब्लॉक ठरावीक दिवसांसाठी परमिटवर मिळायचे. स्वातंत्र्यानंतर राजेरजवाडे मागे पडले आणि शिकार कंपन्या आल्या. गिऱ्हाईक परदेशी, बहुतेक अमेरिकन. नागपूरची अॅलविन कूपर ही त्यातली नावाजलेली, पुढे केंद्रीय मंत्री झालेल्या विद्याचरण शुक्ल यांची. तंबू, स्वयंपाकी, जीप, मचाण, हाकारे सगळं कंपनीचं. साहेबाने बंदूक आणायची आणि डॉलर मोजायचे.

आजोबा सांगत, कंपनीच्या शिकाऱ्याची खरी परीक्षा मचाणावर असायची. खाली रेडकू बांधलेलं. वाघ येतो. साहेबाचे हात थरथरतात. साहेबाच्या बंदुकीबरोबर शिकारी आपलीही झाडतो, एकाच क्षणी. वाघ पडतो. शिकारी टोपी काढून साहेबाचं अभिनंदन करतो आणि आपली काडतुसं खिशात घालतो. वाघ कोणाच्या गोळीने पडला हे शिकाऱ्याला आणि कातडं काढणाऱ्याला माहीत असायचं. दोघेही बोलायचे नाहीत. मग माप. फीत नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत सरळ न धरता अंगाच्या वळणावळणाने दाबत न्यायची, की अर्धा-पाऊण फूट वाघ फुकटात वाढतो. बक्षिसी त्या अर्ध्या फुटाची.

आजोबांना एकच शिकारी मनापासून आवडायचा. का, तर तो जखमी जनावर सोडून कधी परत यायचा नाही. साहेब जेवायला तंबूत गेला तरी हा रक्ताच्या मागावर, एकटा, अंधार पडला तर दुसऱ्या दिवशी उजाडताच परत. जखमी वाघ रानात सोडला तर उद्या मोहं वेचायला गेलेली बाई त्याच्या तावडीत सापडणार, हे त्याला माहीत होतं. त्या बायांमधली एक त्याची भावजय होती. नीती म्हणा, नाहीतर घरचा प्रश्न म्हणा.

१९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली, ७२ ला कायदा, ७३ ला व्याघ्र प्रकल्प. कंपन्यांनी दुकानं आवरली. बंदुकीच्या जागी कॅमेरा आला. पण सायेबाला पायजे म्हणजे पायजे, ते काही गेलं नाही.

---

दवबिंदू

जुनं_खोड, _/\_ . वेगळा धागाच काढा यावर.

---

अँकरेजचा आबा

इकडे अलास्कात अकरा वर्षं झाली. मी स्वतः शिकार करत नाही (आमच्या हिला माशाचा डोळा बघवत नाही), पण ऑफिसातला एकजण दर हिवाळ्याआधी सुट्टी काढून सहायक गाइड म्हणून जातो. त्याच्याकडून ऐकलेलं आणि नंतर नियमांत वाचलेलं लिहितो.

बाहेरच्या राज्यातल्या माणसाला इथे तपकिरी अस्वल, डाल मेंढा किंवा डोंगरी बकरा मारायचा तर गाइड सक्तीचा (किंवा इथे राहणारा जवळचा नातेवाईक बरोबर हवा). गाइडला परवाना, त्यासाठी परीक्षा. मंडळ आहे, तक्रार झाली तर परवाना जातो.

मला दोन नियम फार आवडतात. पहिला: ज्या दिवशी विमानातून उतरलात त्या दिवशी मोठी शिकार करायची नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे तीननंतर. इथे छोटी विमानं म्हणजे आपल्या रिक्षा. वरून अस्वल बघायचं, शेजारी उतरायचं आणि ठोकायचं, हे नको म्हणून. मधे एक रात्र टाकली की जनावरालाही निघून जायला वेळ मिळतो.

दुसरा नियम ऐकून मी चाट पडलो. गिऱ्हाइकाने नियम मोडल्याचं गाइडच्या लक्षात आलं, तर त्याने ते लगेच कळवायचं. स्वतःच्या गिऱ्हाइकाविरुद्ध! हजारो डॉलर दिलेल्या माणसाविरुद्ध. नाही कळवलं तर गुन्हा गाइडचा. माझा मित्र म्हणतो, पहिल्या संध्याकाळी शेकोटीशी बसल्यावर तो हे हसत हसत सांगून टाकतो. मग आठवडाभर कोणी 'दोनच मिनिटं' म्हणत नाही.

अवांतर: मूस (इकडचं भलंमोठं हरीण) मारला तर आधी मांस बाहेर काढायचं, शिंगं सगळ्यांत शेवटी. शिंगं घेऊन मांस रानात टाकून येणाऱ्याला इथे चोरापेक्षा वाईट समजतात.

---

शेअरबाजारी

@आबा, म्हणजे शिकार करणारे नीतिमान आणि फोटो काढणारे आम्ही पापी. छान.

---

अँकरेजचा आबा

तसं नाही हो. इथेही महाभाग आहेतच, म्हणून तर नियम लिहावे लागले.

---

भटकी मांजर

टेडी बेअरची गोष्ट कोणी काढली नाही अजून? १९०२, मिसिसिपी. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट अस्वलाच्या शिकारीला गेले. गाइड होता होल्ट कॉलियर, जन्मापासून गुलामीत वाढलेला आणि त्या भागातला सगळ्यांत तरबेज अस्वल-शिकारी. साहेबांना अस्वल मिळालंच पाहिजे हे ओझं त्याच्या डोक्यावर. त्याने कुत्र्यांनी घेरलेलं अस्वल बेशुद्ध पाडून झाडाला बांधून ठेवलं आणि शिंग फुंकून साहेबांना बोलावलं. रूझवेल्टनी गोळी घालायला नकार दिला, बांधलेल्या जनावरावर कसली शिकार. त्यावर व्यंगचित्र आलं आणि त्यातून ते कापसाचं खेळणं.

यातली न सांगितली जाणारी बाजू: अस्वल वाचलं नाही. जखमी होतं म्हणून साहेबांच्याच सांगण्यावरून सुरीने मारलं. आणि दुसरी: 'नाही' म्हणण्याची ऐपत रूझवेल्टची होती, कॉलियरची नव्हती.

---

अनघा कोथरूड

शेवटचं वाक्य +१.

---

ठाणेदार

मग सेसिल सिंहाचं बघा. झिंबाब्वे, जुलै २०१५. ह्वांगे उद्यानातला गळ्यात कॉलर असलेला सिंह, आमिष दाखवून हद्दीबाहेर आणला, रात्री बाण मारला, मग कित्येक तासांनी संपवला. बाण मारणारा अमेरिकन दंतवैद्य. जगभर बोंबाबोंब. खटला कोणावर? गाइडवर. पुढे कोर्टाने तोही रद्द केला, पण दंतवैद्यावर तर आरोपच ठेवला नाही, त्याचे कागद बरोबर होते म्हणे. पैसे देणारा घरी, आणि आमिष बांधणारा कोर्टात.

---

मोहाची सावली

मी वाचत होतो, लिहिनार नव्हतो. आता लिहितो. पाच वर्षं गाइड होतो, कोनत्या गेटवर ते मी बी सांगत नाही. आता गावात किराणा हाय. लिहिन्यात चुका झाल्या तर पाहून घ्या.

तुमी सारे गाइड-गाइड करून राह्यले. गाडीची चावी कोनाजवळ असते? ड्रायव्हरजवळ. गाडी कोनाची? कधी त्याची सोताची, कधी मालकाची, हप्ता तर हायच. गाइड नंबराने येते. आज ह्या गाडीत, उद्या त्या. पहाटे चारला गेटवर यादी लागते, ज्याचं नाव आलं तो चढला. ड्रायव्हर मले वळखते पन माह्यं ऐकलंच पाह्यजे असं काई नाई. त्याले रिसॉर्टवाला फोन करते, "दिसला का?" दोन-तीन फेऱ्या नाई दिसला तर पुढच्या पाव्हन्याले दुसरी गाडी.

पावसाळ्यात तीन महिने कोअर, म्हनजे आतलं जंगल, बंद. जुलै ते सप्टेंबर. तवा आमी धानाच्या रोवनीले जातो. मे महिन्यात तेंदूपत्ता. म्हनजे गाइडगिरीचे जे दिवस भेटले त्याच्यात वर्षाची फी निघाली पाह्यजे पोराची. फी ठरलेली हाय, ते आमाले भेटते, खोटं कायले बोलू. पन दोन लेकरं असली का फीवर भागत नाई, टिपेवर भागते. अन् टिप वाघावर.

मी 'नाई' कसं म्हनत होतो ते सांगतो. नीतीचं कोनी ऐकत नाई. "वाघाले तरास होते" म्हनलं का साहेब म्हनते, "तुम्ही कशाला काळजी करता." म्हनून मी म्हनो, "साहेब, त्या झाडावर ट्रॅप कॅमेरा हाय, गाडीचा नंबर येते, माह्यं काम जाते." लगेच सारे शांत बसत. अर्ध्या येळा त्या झाडावर काईच नसे. खोटं बोलून नियम पाळला मी पाच वर्षं.

आता रानोमाळ साहेब, राग नोको मानू. तुमी गेटचं नाव नाई सांगितलं, पोरावर दया केली. त्या दयेनं काय होते सांगू का? ज्या ड्रायव्हरनं गाडी मधी घातली त्याले हजार भेटले, अन् नाव बी नाई निघालं. बाकीच्या साऱ्या ड्रायव्हरनं ते पाह्यलं. ज्या गाइडनं तीनदा बोट आपटलं, तो दुसऱ्या दिवशी काय शिकला? का बोट आपटून काई होत नाई. मी ह्याच्यानंच सोडलं. चांगलं काम करा तं शंभर, वाईट करा तं हजार, अन् वरून साहेब लोक म्हनते का आमाले तुमची काळजी हाय.

---

चिंगी_७१

पॉपकॉर्न खाली ठेवले.

---

रानोमाळ

मोहाची सावली, राग नाही. काय लिहावं सुचत नाही. उद्या लिहितो.

---

शेअरबाजारी

सावलीभाऊ, मुद्दा पोचला. पण मग उपाय सांगा. टिपच बंद करायची का? मी एका ठिकाणी पाहिलं, टिपेची पेटी ठेवलेली, सगळ्यांत वाटायची म्हणून. गाइडच म्हणाला, साहेब पेटीत नका टाकू, हातात द्या.

---

मोहाची सावली

हाव, मी बी तेच म्हनलो असतो. पेटीतलं कधी भेटते, किती भेटते, कोन मोजते?

---

वऱ्हाडी ठेचा

आमच्या सोसायटीच्या गणपतीच्या पेटीचं पण हेच आहे. (धाग्याचा काश्मीर करायचा, म्हणजे धागा भरकटवायचा, हेतू नाही.)

---

दवबिंदू

मी दोन वर्षांपूर्वी एका बाई गाइडबरोबर गेले होते. आता बऱ्याच ठिकाणी गावातल्या मुली गाइड आहेत, ताडोबात तर आहेतच. तिने निघण्याआधी गाडी चालू करू दिली नाही. आधी आमच्याकडे वळून म्हणाली, "ताई, तुम्हाला काय काय बघायचं आहे, वाघ सोडून सांगा." आम्ही सगळे गप्प. वाघ सोडून काय असतं तेच माहीत नाही! शेवटी माझा नऊ वर्षांचा मुलगा म्हणाला, "घुबड." मग तिने घुबड शोधून काढलं, पळसाच्या ढोलीत, दगडासारखं बसलेलं. नंतर वाघही दिसला, लांबून, शेपटी तेवढी. मुलाने शाळेत निबंध घुबडावर लिहिला.

हे काही मोठं तत्त्व वगैरे नाही. पण तिने सुरुवातीलाच सौदा बदलला. गाडी सुटल्यावर तो बदलता येत नाही.

---

जुनं_खोड

दवबिंदू, अगदी बरोबर. आबांच्या मित्राची शेकोटी आणि तुमच्या बाईंचं घुबड, एकच युक्ती.

नियमांबद्दल एक. आपल्याकडे नियम नाहीत असं कोणी समजू नये. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने काही महिने कोअरमधलं पर्यटन थांबवलं होतं, त्यानंतर व्याघ्र प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं आली. जनावरापासून वीस मीटरपेक्षा जास्त अंतर, घेरायचं नाही, आमिष दाखवायचं नाही, सगळं लिहिलेलं आहे. पण वीस मीटर मोजणार कोण? वाघीण स्वतः चालत गाडीजवळ आली तर? तेव्हा इंजिन बंद करून बसणं बरोबर की मागे घेणं? हे लिहून कळत नाही, जंगलात दहा वर्षं काढलेल्या माणसाला कळतं. आणि त्या माणसाच्या शब्दाला गाडीत किंमत नसेल तर नियमाची चौकट भिंतीवर छान दिसते एवढंच.

---

ठाणेदार

गाइडच्या हातात गाडीची चावी द्या. अक्षरशः. त्याने सांगितल्याशिवाय इंजिन चालू नाही.

---

मोहाची सावली

@ठाणेदार, ड्रायव्हर आमचाच भाऊ-भाचा असते हो. चावी घेतली तं संध्याकाळी घरी भांडन.

---

अनघा कोथरूड

मला वाटतं पर्यटकालाच दंड हवा. जिप्सीतल्या सहाही जणांना, आणि पुढचं बुकिंग वर्षभर बंद. ओळखपत्राचे नंबर बुकिंगला असतातच.

---

शेअरबाजारी

@अनघा, सहाही जणांना? मागच्या सीटवरच्या आजीने काय केलं?

---

अनघा कोथरूड

आजीने नातवाला गप्प बसवायला हवं होतं. आज्या त्यासाठीच असतात.

---

नाव_नको

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

---

भटकी मांजर

वर कोणीतरी काहीतरी भारी लिहून काढून टाकलं. आता रात्रभर झोप नाही.

---

रानोमाळ

मंडळी, उशीर झाला, दोन महिने उलटले. धागा वर काढतोय.

सावलीभाऊंचं वाचून मी त्या प्रकल्पाच्या कार्यालयाला पत्र पाठवलं. तारीख, वेळ, गाडीचा नंबर (फोटोच्या एका कोपऱ्यात आरशात उलटा दिसत होता, तो बायकोने वाचला). गाइडने तीनदा मागे घ्यायला सांगितलं हे स्पष्ट लिहिलं, आणि थांबायला मीच सांगितलं हेही. पत्र चार वेळा लिहिलं. पहिल्या तीनमध्ये 'आमच्यापैकी एकजण' होतं. पोच आली. पुढे काय झालं ते कळवलेलं नाही.

दुसरं. गेल्या आठवड्यात मी आणि मेहुणा परत गेलो, दुसऱ्या जंगलात. दवबिंदू आणि आबा यांची युक्ती मनात होती. गेटवर गाइड चढला तेव्हाच त्याच्या हातात पाचशे ठेवले. म्हटलं, "दादा, ही टिप. वाघ दिसला तरी एवढीच, नाही दिसला तरी एवढीच." तो नोटेकडे बघत राहिला. त्याला वाटलं मी नियम मोडायला सांगतोय. म्हणाला, "साहेब, आपल्याले रस्ता नाई सोडता येत." मी म्हटलं, तेच तर. नको सोडूस.

तरीही पहिला अर्धा तास तो सारखा वळून माझ्याकडे बघत होता, आता हा काय मागतो म्हणून. मग सैल झाला. नाल्याच्या रेतीत गाडी थांबवून उतरता येत नाही म्हणून वाकून, लोंबकळून, त्याने काठीने तीन पावलं दाखवली. अस्वल, त्यावर साळिंदर, त्यावर सकाळचं आमच्याच आधीच्या गाडीचं टायर. "हे तिसरं जनावर रोज येते," म्हणाला.

वाघ नाही दिसला. गेटवर उतरलो, गाइड नमस्कार करून गेला. ड्रायव्हर तिथेच उभा. सीट पुसली, आरसा पुसला, परत सीट पुसली. मग म्हणाला,

"साहेब, त्याले आधी देल्ले म्हने. मले कधी देता?"

---

मोहाची सावली

😂 ड्रायव्हरले बी आधीच द्या लागते, साहेब. चावी त्याच्याजवळ हाय.